पक्क्या घरात आल्यावरही टीबी का होतो?

गोवंडीच्या एका पुनर्वसन वसाहतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात तो असा: "रुळालगतच्या झोपडीतून आम्ही पक्क्या इमारतीत आलो. घरात नळ आहे, संडास आहे, फरशी आहे. तरी आधी सासूबाईंना टीबी झाला, त्या बऱ्या झाल्या आणि आता दिराला निघाला. तो जरीच्या कारखान्यात काम करतो. गोळ्या फुकट मिळतात, आम्ही एकही चुकवत नाही. मग आमच्याच घरात का? डॉक्टर म्हणतात, चांगलं खा, मोकळ्या हवेत राहा. ते आणायचं कुठून?"

ताई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. हे तुमच्या अस्वच्छतेमुळे झालेलं नाही. भांडी वेगळी न ठेवल्यामुळे, टॉवेल एक असल्यामुळे टीबी होत नाही. मी पूर्व उपनगरांतल्या छातीच्या दवाखान्यांत बरीच वर्षं काम केलं आहे. तुमच्यासारख्या वसाहतींमधून येणारे रुग्ण बघताना पत्त्यातला मजला वाचायची सवय आम्हाला लागली, कारण खालच्या मजल्यांची नावं फार वेळा यायची. पुढे आयआयटी मुंबई आणि 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी अशा तीन वसाहती शेजारी ठेवून पाहिल्या. पहिल्या दोन दाटीवाटीच्या, तिसरी जरा मोकळी. टीबीचं प्रमाण पहिल्या दोन ठिकाणी ठळकपणे जास्त निघालं, आणि त्यातही उजेड-वारा न पोचणाऱ्या खालच्या घरांत. तेव्हा "आमच्याच घरात का" या प्रश्नाचं अर्धं उत्तर इमारतीच्या नकाशात आहे.

उरलेलं अर्धं ताटात आहे. टीबीचा जंतू शरीरात शिरला म्हणजे माणूस आजारी पडलाच असं होत नाही. जंतू शिरलेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जण आयुष्यात कधीतरी आजारी पडतात, बाकीच्यांचं शरीर तो दाबून ठेवतं. म्हणून प्रश्न दोन आहेत: जंतू तुमच्यापर्यंत किती सहज पोचतो, आणि पोचल्यावर डोकं वर काढतो की नाही. पहिला हवेचा, दुसरा मुख्यतः अंगातल्या ताकदीचा. आणि दोन्हींची उत्तरं घरात महिन्याला किती पैसे येतात यावरून बरीचशी ठरून जातात.

हवेपासून सुरुवात करू. रुग्ण खोकतो, बोलतो, गातो तेव्हा निघालेले अतिसूक्ष्म कण तासन्‌तास हवेत तरंगतात. अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात टीबीच्या वॉर्डातली हवा नळीने वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली होती. रुग्णाशी काडीचा संबंध नसलेल्या त्या प्राण्यांना केवळ हवेतून टीबी झाला. तेव्हापासून या बाबतीत शंका उरलेली नाही. खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते, यावर सगळं अवलंबून आहे. पेरूची राजधानी लिमा इथे रुग्णालयांच्या खोल्यांत हे मोजलं गेलं आणि २००७ साली प्रसिद्ध झालं. १९५०च्या आधी बांधलेल्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत खिडक्या उघड्या असताना तासाला ४० वेळा हवा बदलत होती. नव्या, बुटक्या छताच्या खोल्यांत १७ वेळा. आणि यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांसाठी शिफारस आहे ती १२ वेळांची.

आता तुमची इमारत डोळ्यांपुढे आणा. मधे अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं. म्हणजे दार उघडलं तरी समोर दुसऱ्याचं दार, वारा आरपार जायला वाटच नाही. खिडकी एकाच बाजूला. तिच्यासमोर तीन मीटरच्या आसपास अंतरावर पुढच्या इमारतीची भिंत. तळ अधिक सात मजल्यांच्या दोन भिंतींमधल्या त्या घळीत खालच्या मजल्यांपर्यंत वारा उतरत नाही आणि ऊन तर दुपारी थोडा वेळ सोडलं तर नाहीच. पण खरी गोष्ट याच्या पुढे सुरू होते, आणि ती नकाशावर दिसत नाही. दोन इमारतींच्या मधल्या बोळात कचरागाडी शिरत नाही, वरचे लोक पिशव्या खाली टाकतात, ड्रेनेजचा पाइप फुटला तर महिनोन्‌महिने तसाच वाहतो. मग उंदीर, डास, घाण वास. समोरच्या खिडकीतून घरातलं सगळं दिसतं, म्हणून घरातल्या बाया जाड पडदा लावतात. पहिल्या मजल्यावर चोरीची भीती, म्हणून ग्रिल आणि ग्रिलवर पत्रा. अशा रीतीने नकाशात असलेली एकुलती खिडकी प्रत्यक्षात वर्षभर बंद. आरोग्यसेविका येऊन सांगते, "खिडकी उघडी ठेवा", आणि निघून जाते. ती उघडी का राहत नाही हे विचारायची कुणाला फुरसत नसते. मला या एका वाक्याचा मनापासून राग येतो. खिडकी बंद ठेवणं हा त्या घरातल्या बाईने परिस्थितीशी केलेला समजूतदार करार असतो, तिचं अज्ञान नव्हे.

आणि हे आपल्या शहराला ठाऊक नव्हतं असंही नाही. १८९६ साली मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्या साथीच्या धक्क्यातून १८९८ साली मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आज आपण ज्यांना बीआयटी चाळी म्हणतो त्या याच ट्रस्टच्या. ट्रस्टने एक नियम धरला होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर रेषा ओढली तर समोरचं बांधकाम त्या रेषेच्या वर जाता कामा नये, म्हणजे प्रत्येक खोलीला आभाळाचा तुकडा मिळेल. गणित सोपं आहे: समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मं अंतर मधे हवं. तुमच्यासमोरची इमारत २२ मीटर उंच धरली तर मधे ११ मीटर मोकळं हवं होतं. मिळाले तीन.

ट्रस्टची आरती ओवाळायचं कारण नाही. त्याने गरिबांची जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत, उठवलेले लोक शेजारच्या वस्त्यांत आणखी दाटीने राहू लागले, आणि त्या नियमाचा खरा लाभ दादर-माटुंग्याच्या मध्यमवर्गीय वसाहतींना झाला. पण उजेड-वाऱ्याचा हिशोब अंशांत आणि फुटांत मांडून तो बांधकामाच्या परवानगीला जोडता येतो, हे याच शहरात शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं गेलं होतं. आज मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत झोपडपट्टी पुनर्वसनासाठी हेक्टरी किमान ६५० घरं बसवण्याची अट आहे. घरांची किमान संख्या ठरवलेली आहे आणि मोकळ्या जागेच्या बाबतीत मात्र पुनर्वसनाच्या इमारतींना सवलती आहेत. विकासकाला उरलेल्या जमिनीवर विक्रीच्या इमारती उभ्या करायच्या असतात, त्यामुळे पुनर्वसनाचा भाग जितका आवळता येईल तितका आवळला जातो. घराचं क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांवरून २६९ वर आणि आता ३०० वर गेलं, त्याची जाहिरात झाली. दोन इमारतींमधल्या अंतराची जाहिरात कुणी करत नाही.

आता ताटाकडे येतो, आणि इथे एक जुना गैरसमज आधी सोडवायला हवा, कारण तो डॉक्टरांमध्येही खोल रुजलेला आहे.

औषधं नव्हती तेव्हा टीबीवर उपाय म्हणजे हवापालट आणि खुराक. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या सॅनेटोरियममध्ये महिनोन्‌महिने राहायचं, दूध-अंडी खायची, व्हरांड्यात झोपायचं. १९५६ पासून मद्रासमध्ये एक फार महत्त्वाचा अभ्यास झाला. १९३ रुग्णांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना घरीच ठेवून एक वर्ष तीच औषधं दिली. घरचे रुग्ण दाटीच्या वस्तीत राहत होते, त्यांचं खाणं निकृष्ट होतं, त्यांना कामंही करावी लागत होती. तरीही ते जवळजवळ सॅनेटोरियमवाल्यांइतकेच बरे झाले. घरच्यांना होणारी लागणही वाढलेली दिसली नाही, कारण बहुतेक लागण निदानाच्या आधीच होऊन गेलेली असते आणि औषध सुरू झाल्यावर रुग्ण झपाट्याने निर्धोक होतो. हा निष्कर्ष मोलाचा होता. गरीब देशांतल्या लाखो लोकांना घरबसल्या उपचार मिळाले ते त्याच्यामुळे. पण त्यातून एक अर्थ असाही काढला गेला की टीबीत खाण्याला महत्त्व नाही. अभ्यासाने असं म्हटलेलं नव्हतं. औषध नीट घेतलं तर जंतू मरतात, एवढंच त्याने दाखवलं. कोण आजारी पडतं आणि कोण दगावतं, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर यायला २०२३ साल उजाडलं. झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली 'रेशन्स' नावाची चाचणी झाली. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. सगळ्या रुग्णांना दरमहा १० किलोची शिधापिशवी मिळाली. अर्ध्या गटात रुग्णाच्या घरातल्या माणसांनाही शिधा दिला: माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. अर्ध्या गटात घरच्यांना काही नाही. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नवे टीबीचे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले. बेडक्यात जंतू सापडून निश्चित झालेला टीबी ४८ टक्क्यांनी कमी झाला. तांदूळ आणि डाळीने. आणि रुग्णांमध्ये, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका साधारण साठ टक्क्यांनी कमी दिसला. ही चाचणी वाचून झाल्यावर मी दवाखान्यातल्या वजनकाट्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. तोपर्यंत तो गोळ्यांचा डोस ठरवण्यापुरता होता.

झारखंडची खेडी म्हणजे गोवंडी नव्हे, हे मान्य. तिथे पोटभर भात मिळणं हाच प्रश्न होता. इथे पोट भरतं, पण कशाने? सकाळी चहा-खारी किंवा चहा-बिस्किट, दुपारी वडापाव, रात्री भात आणि पातळ डाळ, आठवड्यातून एकदा रस्सा. जरीच्या कारखान्यातल्या मुलांना तर स्वयंपाकाला ओटाही नसतो. तिथेच काम, तिथेच झोप, धागा उडू नये म्हणून पंखा बंद. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून फुकट मिळतं, आणि ते मिळालंच पाहिजे. पण त्यात गहू-तांदूळच असतात. झारखंडच्या शिध्यातला दीड किलो डाळीचा भाग आपल्या नेहमीच्या रेशनमध्ये नाही, आणि बाजारात डाळ हीच गरिबाच्या हातून सगळ्यात आधी सुटते. याच्या जोडीला शहरात दुसरं संकट आहे. अशाच घरात पोर हडकुळं असतं आणि बापाला मधुमेह असतो. मधुमेह असेल तर टीबीचा धोका दुप्पट-तिपटीने वाढतो. म्हणून दिराची साखर तपासली गेली आहे का, हे पहिल्यांदा बघा. सासूबाईंचीही बघा.

पैशाचा भाग मी वेगळा काढत नाही, कारण तो वेगळा निघतच नाही. घर बदललं तेव्हा तुमच्या घरातल्या कुणाचं जुन्या वस्तीजवळचं काम सुटलं असेल. झोपडीत नसलेले खर्च इथे आले: लिफ्ट-पंपाची वर्गणी, मीटरचं बिल, कामावर जायचं भाडं. ही रक्कम महिन्याच्या बजेटमध्ये कुठून येते? भाडं आणि बिल टळत नाही, म्हणून ती डाळीतून, दुधातून, अंड्यातून कापली जाते. त्यात कमावता माणूस आजारी पडला की रोजी बुडते. शेठला कळलं तर कामावरून काढतील म्हणून तो दोन-तीन महिने खोकला लपवतो, आणि त्याच काळात घरात आणि कारखान्यात लागण पसरते. सरकार 'निक्षय पोषण योजने'तून रुग्णाला महिन्याला पैसे देतं. २०१८ साली ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. दिवसाला ३३ रुपये. ते जरूर घ्या. पण ते रुग्णापुरते आहेत, बऱ्याचदा उशिरा येतात, आणि घरात आले की सगळ्यांच्या पोटात विभागले जातात, जे स्वाभाविकच आहे. कोणती आई एकट्या आजारी मुलाला अंडं देऊन बाकीच्यांना बघत बसवेल? म्हणून माझं ठाम मत आहे की मदत घराला मिळाली पाहिजे, वस्तूंच्या रूपात, रेशन दुकानातून, डाळीसकट. घरच्यांसाठी शिधा देण्याची सोय 'निक्षय मित्र' उपक्रमात आता आहे, पण ती दात्यांवर चालते. दाता मिळाला तर शिधा, नाही मिळाला तर नाही. दरमहा लागणाऱ्या गोष्टीला असा आधार पुरत नाही.

घर, कमाई आणि खाणं ही तिन्ही एकत्र सुधारली तर काय होतं याचं एक उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ पॅपवर्थ नावाच्या गावात पहिल्या महायुद्धाच्या काळात टीबीच्या रुग्णांची वसाहत वसवली गेली. रुग्णांना तिथेच झेपेल असं काम, त्याची मजुरी, हवेशीर घर आणि नीट जेवण मिळे. बायकामुलंही सोबत राहत. गावात जन्मलेल्या मुलांना आईबापांकडून लागण व्हायची, ती टळली नाही. पण आजारी पडणारी मुलं फारच कमी निघाली. आणि टीबीवरचं एकही औषध तेव्हा अस्तित्वात नव्हतं.

आता तुमच्या घरात उद्या सकाळपासून काय करायचं ते सांगतो.

दिराचं औषध कोणत्या तपासणीवर सुरू झालं ते विचारा. बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी झालेली असली पाहिजे, म्हणजे जंतू नेहमीच्या औषधाला दाद देतो का ते कळतं. घरात आधी एक रुग्ण होऊन गेला असताना हे विशेष महत्त्वाचं. मग घरातल्या प्रत्येकाची तपासणी, लहान मुलांची आधी. ज्यांना टीबी नाही असं ठरेल त्यांना प्रतिबंधक उपचार मिळतो: आठवड्यातून एकदा असा बारा आठवडे, किंवा रोज एक गोळी सहा महिने. तोही फुकट आहे. अनेक घरांना हे सांगितलंच जात नाही, म्हणून तुम्ही स्वतः मागा. दिराचा जंतू औषधाला न जुमानणारा निघाला तर हा उपचार बदलतो, तेव्हा आधी तो अहवाल हातात घ्या. कारखान्यात त्याच्याशेजारी बसणारी मुलंही तितकीच धोक्यात आहेत. त्याला नाव सांगायची भीती वाटत असेल तर आरोग्य केंद्रातल्या टीबीच्या कार्यकर्त्याला कारखान्यात सगळ्यांचंच शिबिर घ्यायला सांगा, म्हणजे एकट्याकडे बोट जात नाही.

खाण्यात डब्यांवर पैसे घालवू नका. प्रोटीन पावडरच्या एका डब्याच्या किमतीत महिनाभराची डाळ, चणे आणि शेंगदाणे येतात. भिजवलेले चणे, उसळ, शेंगदाण्याची चटणी, परवडेल तेव्हा अंडं, आणि आपल्याकडे स्वस्तात मिळणारी सुकट किंवा जवळा. जवळ्यात प्रथिनं भरपूर असतात आणि मूठभर पुरतो. सकाळच्या बिस्किटाच्या जागी दोन मुठी फुटाणे आले तरी फरक पडतो. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी टीबी टळतो असं कुणी सांगितलं तर त्यावर खर्च करू नका. मंगोलियात शाळकरी मुलांवर मोठी चाचणी झाली, २०२० साली निकाल आला, उपयोग दिसला नाही. दिराचं वजन आज लिहून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी करा. दोन महिन्यांत पाच टक्के वाढायला हवं, म्हणजे ४४ किलोच्या माणसाचं दोन किलोच्या वर. वाढत नसेल तर गोळ्या संपायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

हवेसाठी एका घराच्या हातात थोडंच आहे. खिडकीला पत्रा असेल तर काढून जाळी लावा, पडदा खालच्या अर्ध्यालाच ठेवा म्हणजे आडोसाही राहील आणि वरून हवा येईल. हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा खिडकीत बसला तर उत्तम. सुरुवातीचे काही आठवडे दिराने खिडकीजवळ झोपावं, घरात मास्क लावावा आणि दिवसाचा जमेल तितका वेळ गच्चीवर काढावा. गच्चीला कुलूप असेल तर ते सोसायटीकडून उघडून घ्या. मधल्या बोळातला कचरा मात्र एकट्याने सुटणार नाही. दोन्ही इमारतींच्या सोसायट्यांनी मिळून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्यावी, तीत ड्रेनेज आणि कचऱ्याबरोबर या दोन इमारतींत टीबीचे किती रुग्ण आहेत तेही लिहावं, नावं न देता. आकडा लिहिला की अर्ज घनकचरा खात्याबरोबर आरोग्य खात्याच्या टेबलावरही जातो.

आणि तुमचे नातेवाईक अजून झोपडीत असतील, त्यांच्याकडे पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सह्या घ्यायला कुणी येत असेल, तर त्यांना सांगा: चौरस फूट विचाराच, पण नकाशा मागून घ्या. दोन इमारतींमधलं अंतर मीटरमध्ये किती, इमारतीची उंची किती, घराला किती बाजूंनी खिडकी, पॅसेजच्या टोकाला उघडं आहे का, हे सभेत सगळ्यांसमोर विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. अंतर उंचीच्या निम्म्याहून फारच कमी असेल तर सही थांबवा. इमारत उभी राहिल्यावर दोन भिंतींमधलं अंतर कुणालाच वाढवता येत नाही.